करवतीचं दुसरं टोक

वादळानं रस्त्याकडेची जुनी झाडं एकाच दुपारी आडवी केली आणि वखारीच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. मालक खूश झाला. मुकादमाच्या कपाळावर आठी चढली. ओंडके इतके जाड होते की मशीनवर मावत नव्हते, आणि ऊन असंच राहिलं तर महिनाभरात ते आपोआप तडकणार होते. आधी हातकरवतीनं तुकडे पाडायचे, मग मशीन. दोघांनी ओढायच्या त्या करवतीवर वखारीत तीन जोड्या होत्या. खरं सांगायचं तर अडीच.

अर्धी जोडी म्हणजे मिस्त्री. त्याचा दुसरा अर्धा भाग म्हणजे त्याचा मुलगा, पाचर. हे काही कागदावरचं नाव नव्हे. लहानपणी आईबापाच्या मधे घुसून झोपायचा आणि दोघांना दोन भिंतींकडे सारायचा, म्हणून पाचर. आता तो सव्वीस वर्षांचा होता आणि पुन्हा मधेच झोपत होता, कारण रात्री एकटा उठला की उजवा पाय दुमडून पडायचा. आईबाप पुन्हा आपापल्या भिंतीला चिकटले होते.

चौदा महिन्यांपूर्वी एक झाड पाडताना वर अडकून राहिलेली वाळकी फांदी सुटली. मिस्त्री ओरडला, "वर बघ!" पाचरनं वर बघितलं, आणि फांदी डोक्याच्या डाव्या बाजूला बसली. ओरडला नसता तर खांद्यावर निभावलं असतं, असं मिस्त्रीनं मनाशी पक्कं केलं होतं. तसं नसेलही, पण त्याला कोण समजावणार? त्या दिवसापासून तो कुणालाच मोठ्यानं हाक मारत नाही. चहा हवा असला तरी उठून बायकोजवळ जातो आणि हळू सांगतो.

पाचर तेवीस दिवस बेशुद्ध होता. मग डोळे उघडले, मग बसला, मग भिंत धरून चालला. जे आलं ते फार सावकाश आलं आणि जे गेलं ते एका क्षणात गेलं होतं. उजव्या हातात जोर नव्हता. बोलण्यात तीन शब्द उरले होते: हो, नको आणि पाणी. पाणी म्हणजे पाणी, पाणी म्हणजे चादर, पाणी म्हणजे मला बाहेर न्या. शिव्या मात्र अख्ख्या यायच्या, काना-मात्रेसकट. शुद्धीवर आल्यावर त्यानं सुई टोचणाऱ्या डॉक्टरांना पहिली शिवी हासडली तेव्हा आई आनंदानं रडली होती. डॉक्टर म्हणाले, "शिव्या वेगळ्या कप्प्यात असतात हो, त्यावरून काही धरू नका." त्याचं लग्न जवळजवळ ठरलेलं होतं. मुलीकडच्यांनी दोन महिने वाट पाहिली आणि मग वाट बदलली. त्यांचंही काही चुकलं नाही.

राहायला वखारीचीच खोली होती. पत्र्याची, एका खिडकीची, कुंपणाला टेकलेली. खोलीचा नियम साधा होता. खोली जोडीला. जोडी मोडली की खोली गेली, आणि मग पुन्हा जंगलातल्या तोडीवर, आज या रानात ताडपत्री तर उद्या त्या रानात. मिस्त्रीचं अर्धं आयुष्य तसंच गेलं होतं, त्याला ताडपत्रीची भीती नव्हती. भीती बुधवारची होती. दर बुधवारी सरकारी दवाखान्यात व्यायामवाल्या ताई यायच्या आणि दवाखाना वखारीपासून पाचरच्या पावलांनी अर्ध्या तासावर होता. खोली गेली की बुधवार गेला, आणि बुधवार गेला की पोरगं आहे तिथंच राहिलं.

म्हणून चौदा महिने करवतीच्या दुसऱ्या टोकाला आई होती.

मुकादमाला माहीत होतं, सगळ्या वखारीला माहीत होतं. अळीमिळी गुपचिळी. मालकाचा मात्र हुकूम होता की करवतीवर बाई नको, उद्या काही झालं तर निस्तरायचं कुणी? मालकाच्या गाडीचा हॉर्न फाटकात वाजला की आई मूठ सोडून टोपली उचलायची आणि भुसा भरू लागायची. मिस्त्री कानस काढून करवतीच्या दातांना धार लावत बसायचा. मालक म्हणायचा, "मिस्त्री, तू सारखा धारच लावत असतोस." मिस्त्री म्हणायचा, "धारेशिवाय काही खरं नाही मालक." सोंगापायी त्या करवतीचे दात झिजून पार तान्ह्या बाळाच्या दातांएवढे राहिले होते.

वादळानंतर पाच दिवसांनी मुकादम खोलीच्या दाराशी आला. आत आला नाही. दाराशी उभं राहून बोलायचं असलं की बातमी वाईट असते, हे आईला पाठ होतं.

"मिस्त्री, आता माझ्या हातात राहिलं नाही. नवे दोघे भाऊ आलेत ना कामाला, त्यांनी थेट मालकाला गाठलं. आमची जोडी धडधाकट आणि आम्ही शेडमध्ये झोपतो, म्हणाले. खोली अर्ध्या जोडीला कशी?"

"पोरगं आता हाताशी येतंय," मिस्त्री म्हणाला.

"चौदा महिने येतंयच."

"चालतं आता. परवा कुणाला न धरता फाटकापर्यंत गेला."

"फाटकापर्यंत गेला म्हणून ओंडका कापला जातो का?" मुकादम चप्पल काढून तिच्यातला भुसा झटकू लागला. माणूस वाईट नव्हता, पण त्याचं पोटही त्याच वखारीवर होतं. "मी मालकाला सांगितलंय, पोरगा सुधारलाय. पुढल्या सोमवारी मालक बघायला येतो. बापलेक, एक ओंडका, आरपार, त्याच्यासमोर. तेवढं झालं की पुढचं मी सांभाळतो."

"आणि नाही झालं तर?" आईनं विचारलं.

मुकादमानं चप्पल पायात घातली. "वहिनी, तुमच्या हाताला फडकं बांधा. रक्त येतंय."

त्या सोमवारला दहा दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस्त्रीनं पाचरला करवतीवर आणलं. ओंडका त्यातल्या त्यात बारीक निवडला. पाचरचा उजवा हात मुठीवर ठेवला, वरून डावा ठेवला, पाय फाकवून रोवले, आणि दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. आई भुसा भरायचं निमित्त करून बाजूला बसली.

हातकरवतीचा एकच कायदा आहे. ओढायची, ढकलायची नाही. आपण ओढलं की हात सैल सोडायचा, मग समोरचा ओढतो. मधे ढकललं तर पातं लचकतं, चीर वाकडी जाते, करवत अडकते. पाचर बारा वर्षांचा असताना पहिल्यांदा मुठीला लागला तेव्हा उत्साहानं ढकलत होता. मिस्त्रीनं त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली होती. "आपलं आपण ओढायचं," तो म्हणाला होता, "त्याचं त्यानं. त्याची कीव करायची नाही." तेवढी एकच थप्पड. पुन्हा कधी लागली नाही.

आता पाचरनं ओढलं. करवत चार बोटं सरकली आणि थांबली. त्याचा चेहरा लाल झाला, मानेची शीर फुगली, उजवा हात मुठीवर नुसता मढवल्यासारखा राहिला. मिस्त्री वाट बघत राहिला. पाचरनं पुन्हा जोर केला. दोन बोटं.

"राहू दे आज," आई म्हणाली.

"जमतंय त्याला."

तिसऱ्या वेळी करवत सरसर गेली, पाचरच्या पोटापर्यंत. मिस्त्रीनं परत ओढली. पुन्हा सरसर गेली. पाचर हसला, एका बाजूनं, त्याचं हसणं आता तसंच होतं. आई मात्र टोपली धरून कान देऊन बसली. ओढलेल्या करवतीचा आवाज भरडा असतो. हिच्या आवाजात मधेच एक बारीक कुंईं होतं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तुम्ही ढकलताय."

"भुसा भर."

"करवत सांगतेय, मी नाही."

"तुला ऐकू येतं. मालकाला येणार नाही."

ते खरंच होतं. त्यानं चाळीस वर्षांचं कसब पणाला लावलं होतं. इतक्या बेतानं ढकलायचा की पातं लचकता लचकता राहायचं. जे केलं म्हणून पोराला मारलं, तेच तो आता दिवसभर करत होता, आणि इतकं उत्तम करत होता की बघणाऱ्यानं बापलेकांची दृष्ट काढली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची. झाकायला फक्त सोमवारपर्यंतच हवी होती.

दुपारी पाचर भिंतीला टेकून झोपी जायचा, तोंड उघडं, हाताला फोड. झटके येऊ नयेत म्हणून गोळी होती, ती आई भाकरीच्या घासात दाबून द्यायची. तो झोपला की आई उठून त्याच्या टोकाला उभी राहायची, कारण रोजचं काम काही त्याच्यासाठी थांबलं नव्हतं. तिचा खांदा आता रात्रंदिवस ठणकायचा. वखारीच्या कुंपणाबाहेर ती दवाखान्याखेरीज कुठे गेली नव्हती. खोली, करवत, पोरगं, पुन्हा खोली. एकदा तिच्या मनात आलं, फांदी माझ्या डोक्यात पडायला हवी होती, निदान झोप तरी मिळाली असती. मग स्वतःचीच लाज वाटून तिनं ओंडक्याची साल उगाच नखांनी सोलली.

बुधवारी ती त्याला घेऊन दवाखान्यात गेली. ताई तरुण होत्या, तोंडानं फटकळ, हातानं मऊ. त्यांनी नेहमीप्रमाणे रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधला आणि दुसरं टोक पाचरच्या उजव्या हातात दिलं.

"ओढ."

पाचरनं ताईंकडे बघितलं. हात तसाच.

"मागच्या बुधवारी तीनदा ओढला होतास, राजा. ओढ."

हात हलला नाही. तो वाट बघत होता, पट्टा आपणहून येईल अशी. ताईंनी त्याचा तळवा उलटा केला आणि फोडांवरून बोट फिरवलं.

"हे काय?"

"खेळतो काहीबाही," आई म्हणाली. "लाकडाशी."

"मावशी, याचा हात आठवड्यात एक गोष्ट शिकलाय. कुणीतरी नेतं, आपण नुसतं धरायचं. हे असंच चाललं तर मी काय करणार?" आईनं पदरानं ते फोड झाकले तशा त्या जरा नरमल्या. "तुम्ही जे त्याच्यासाठी करता ते तो शिकत नाही. बोलण्याचंही तेच. तो तोंड उघडतो न उघडतो तोच तुम्ही तांब्या पुढे करता. मग त्यानं बोलावं कशाला? यापुढे काही हवंसं दिसलं की मनात दहापर्यंत मोजा. मगच द्या."

"तहानलेलं पोर, ताई. दहापर्यंत?"

"दहापर्यंत."

परत येताना पाचर रस्त्यात थांबला आणि ओठ हलवू लागला. आईनं मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. चारला तिनं पिशवीतली बाटली काढून दिली. त्यानं बाटली घेतली, पण प्यायला नाही. काय हवं होतं ते तिला कळलं नाही.

संध्याकाळी तिनं मिस्त्रीला सगळं सांगितलं. तो कानस पुसत बसला होता.

"म्हणजे मी त्याचं वाटोळं करतोय," तो म्हणाला.

"तसं नाही म्हणाल्या ताई."

"मग कसं?" त्यानं कानस खाली ठेवली. "ढकललं नाही तर सोमवारी खोली जाते. खोली गेली की ताई गेल्या. ढकललं तर ताई असून उपयोग नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तू सांग काय करू."

 पाचर दोघांच्या मधे बसून एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. त्याला किती कळतं, हे चौदा महिन्यांत कुणालाच नीट कळलं नव्हतं. त्यामुळे त्याच्यादेखत सगळं बोललं जायचं, जसं ओंडक्यादेखत बोलतात.

"सोमवारपुरतं ढकला," ती शेवटी म्हणाली. "मंगळवारपासून नाही."

सोमवारी मालक लवकर आला. प्लास्टिकची खुर्ची आणून सावलीत ठेवली होती, तीत बसला. नवे दोघे भाऊ आपलं काम सोडून लांबून बघत उभे राहिले. मुकादमानं ओंडका आधीच निवडून लाकडी घोड्यांवर चढवला होता. मध्यम जाडीचा, फार बारीक घेतला असता तर मालकाला संशय आला असता.

"काय रे," मालक म्हणाला, "बरा आहेस का आता?"

"हो," पाचर म्हणाला.

"काम जमतं?"

"हो."

मुकादमाचा जीव भांड्यात पडला. मालकाला वाटलं आणखी चार शब्द मायेनं बोलावेत. "बाप फार मारून मुटकून तर करून घेत नाही ना?"

"हो," पाचर म्हणाला.

मुकादम घाईनं हसला, मालकही हसला, आणि मिस्त्रीनं करवत ओंडक्यावर टेकवली.

पहिली खाच पडली. करवत जाऊ येऊ लागली. भुशाची ओली पिवळी धार दोन्ही बाजूंनी गळायला लागली. मिस्त्रीच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता. एक हात ओढायला आणि एक ढकलायला असता तर बरं झालं असतं. इथे दोन्ही कामं दोन्ही हातांना होती. चीर वीतभर गेली तसा तो क्षणभर थांबला, वरून चिरेत लाकडाची पाचर ठोकली आणि पुन्हा मूठ धरली. मालक मान हलवत होता. मुकादमानं आईकडे बघून डोळ्यांनीच सांगितलं, जमलं.

अर्ध्यावर करवत थांबली.

पाचरनं थांबवली होती. मूठ त्यानं सोडली नव्हती, उलट आवळून धरली होती. मिस्त्रीनं हळूच ढकललं. पातं लचकलं, कुंईं झालं, पण पुढे गेलं नाही. पाचरनं मान वर केली, ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

आईच्या हातात तांब्या होता. मालकाला हेच वाटलं असतं, पोरगा तहानलाय. एक घोट पाजला असता, पाचरनं पुन्हा मूठ धरली असती आणि उरलेला अर्धा ओंडका पार झाला असता. ती उठलीसुद्धा. मग ताईंचा आवाज आठवला आणि ती तिथेच उभी राहिली. एक. दोन. पाचरच्या हनुवटीवर लाळ आली. तीन. चार. "अहो वहिनी, पाणी द्या त्याला," मुकादम म्हणाला. पाच. तिनं तांब्या पोटाशी दाबला, पाणी पदरावर सांडलं. सहा. सात. पाचरच्या गळ्यातून आवाज आला, कुजक्या लाकडात करवत शिरावी तसा.

"ढ," तो म्हणाला. "ढक."

आठ.

"ढकलू नका," पाचर म्हणाला. "बाबा. ढकलू नका. मी... मी ओढतो."

 चौदा महिने ज्या वाक्यासाठी आईनं देव सोडून सगळ्यांचे पाय धरले होते, ते आलं होतं, आणि आलं ते असं. तिला हसावं की ओरडावं ते कळेना. मी तांब्या दिला असता तर, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं.

"काय म्हणतोय तो?" मालकानं विचारलं.

"काही नाही मालक," मुकादम पुढे झाला. "डोक्याला लागलेलं, अधूनमधून बरळतो काहीतरी. त्याचं काही मनावर घेऊ नका. काम चांगलं करतो."

मालकानं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तो खुर्चीतून उठून ओंडक्याजवळ आला आणि पात्याकडे बघितलं. वखार बापाकडून आलेली असली तरी त्यालाही लाकडातलं थोडं कळत होतं. "मिस्त्री, तू ढकलत होतास?"

नाही म्हटलं की सुटका होती. मुकादमानं वाट करून ठेवली होती, फक्त तिच्यावरून चालायचं होतं. पोरगं बरळतंय, मालक. एवढंच. खोली राहिली असती, बुधवार राहिला असता. फक्त पोराचं पहिलं वाक्य खोटं ठरलं असतं, त्याच्यासमोर, त्याच्या बापाच्या तोंडून.

पाचर बापाकडे बघत होता. वाट बघत होता. मिस्त्रीनंही मोजलं असेल कदाचित, दहापर्यंत.

"हो मालक," तो म्हणाला. "ढकलत होतो. तो बरोबर बोलला."

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," मुकादम स्वतःशीच पुटपुटला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

मालकानं पात्यावरचा भुसा बोटानं पुसला. त्याला राग आला होता असंही नाही, त्यापेक्षा अवघडल्यासारखं झालं होतं. "महिनाअखेरपर्यंत राहा," तो शेवटी म्हणाला. "तोवर दुसरीकडे बघा. माझाही इलाज नाही, मिस्त्री. उद्या सगळेच म्हणतील." मग पाचरच्या पाठीवर थाप मारावी म्हणून त्यानं हात उचलला, आणि तसाच खाली घेतला. फाटकाकडे जाताना त्याची पावलं भुशात वाजली नाहीत. नवे दोघे भाऊ खोलीच्या खिडकीकडे बघत होते. आईची नजर वळली तशी त्यांनी घाईघाईनं आपली करवत उचलली.

आई पाचरजवळ आली. तांब्यात तळाशी थोडं पाणी उरलं होतं. "पाणी हवंय?" तिनं विचारलं.

"नको," तो म्हणाला.

मिस्त्री अजून मूठ धरूनच उभा होता. अर्धा कापलेला ओंडका सोडायची त्याला सवय नव्हती, वखार कुणाची का असेना. "चल," तो म्हणाला. आज चौदा महिन्यांनी त्याचा आवाज पूर्वीसारखा, जरा मोठा आला. "ओढ."

पाचरनं पाय रोवले आणि ओढलं. करवत चार बोटं आली. बापाचे हात आपोआप पुढे जायला निघाले. त्यानं ते आवरले, मुठीवर सैल ठेवले आणि थांबला. पोराच्या मानेची शीर फुगली. दोन बोटं. मग एक. ऊन ओंडक्यावर आलं होतं, लाकूड तापायला लागलं होतं, आणि महिनाअखेरीला सतरा दिवस होते. समोरून करवत पूर्ण येईपर्यंत मिस्त्रीला काहीच करायचं नव्हतं, आणि आयुष्यात इतकं जड काम त्यानं कधी केलं नव्हतं.